पूर्वसामग्रीची भाषा : मुक्तस्रोत प्रणालींच्या बांधणी-सूचनांची चिकित्सा

१

उपयुक्त गद्याची समीक्षा मराठीत फारच थोडी झाली आहे. काव्य, कथा, नाटक, फार तर निबंध व चरित्र एवढ्यांवरच आपल्या समीक्षेची दृष्टी खिळलेली असते. औषधाच्या वेष्टनावरील सूचना, यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका, अर्ज कसा भरावा हे सांगणारा परिच्छेद ह्यांनाही कोणी लेखक असतो आणि त्या लेखकाला काही भाषिक निर्णय घ्यावे लागतात, ह्याची दखल क्वचितच घेतली जाते. वस्तुतः शिथिल कवितेने वाचकाचा रसभंग होतो, तर शिथिल सूचनेने त्याचे काम बंद पडते. तेव्हा अशा गद्याची चिकित्सा भाषाभ्यासकाने करावी हे सर्वथा युक्त होय.

ह्या गद्याचा एक तुलनेने नवा प्रकार म्हणजे मुक्तस्रोत संगणक-प्रणालींची बांधणी-सूचना. मुक्तस्रोत प्रणालीची मूळ संहिता, म्हणजे ज्या रूपात ती मनुष्याने लिहिली व मनुष्याला वाचता येते ती आज्ञावली, सर्वांना उपलब्ध असते. ही संहिता आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावी, कंपायलरकडून तिचे यंत्रभाषेत रूपांतर करवून घ्यावे आणि मग ती वापरावी, असा हा व्यवहार आहे. ह्या सर्व क्रियेला येथे ‘बांधणी’ म्हटले आहे. बांधणीला हात घालण्यापूर्वी यंत्रावर काही अन्य साधने आणि पूर्वी कोणी तरी तयार करून ठेवलेले काही संहिता-संग्रह, ज्यांना व्यवहारात ‘लायब्ररी’ म्हणतात, असावे लागतात. बांधणी-सूचनेचा आरंभीचा भाग बहुधा ह्या वस्तूंच्या यादीने व्यापलेला असतो.

ह्या भागास इंग्रजीत ‘प्रिरिक्विझिट’ असे नाव आहे. त्याला मराठीत तीन प्रतिशब्द संभवतात. ‘पूर्वअट’ हा शब्द शब्दशः जवळचा. परंतु त्याला करारपत्राचा वास आहे आणि अट ही पाळावयाची असते, यंत्रावर बसवावयाची नसते. ‘पूर्वतयारी’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. तो क्रियेवर भर देतो. ‘पूर्वसामग्री’ हा शब्द वस्तूंवर भर देतो. यादीपुरता तिसरा शब्द योग्य वाटतो व तोच येथे योजला आहे. तथापि यादीने जे साधावयाचे असते ती पूर्वतयारी, हे विसरता येणार नाही. पूर्वसामग्री दिली म्हणजे पूर्वतयारी सांगून झाली, असे हे गद्य गृहीत धरते आणि तेथेच त्याचा मूळ दोष आहे. हे गद्य नावे देते, संबंध देत नाही. हा दोष वरवर तांत्रिक भासला तरी तो भाषिक आहे आणि भाषेच्याच साधनांनी दूर होण्याजोगा आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

चिकित्सेसाठी टेसेरॅक्ट ह्या प्रणालीची बांधणी-सूचना घेतली आहे. छापील पानाच्या प्रतिमेवरून त्यातील अक्षरे ओळखून मजकूर सिद्ध करणारी ही प्रणाली आहे. तिचे आरंभीचे काम ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ ह्या काळात झाले. २००५ मध्ये तिची संहिता खुली करण्यात आली, २००६ पासून काही वर्षे गूगलच्या आश्रयाने तिचा विकास झाला आणि २०१८ मध्ये निघालेल्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्कवर आधारलेली वाचनपद्धती तिच्यात आली. मराठीसाठी प्रशिक्षित केलेला विदा-संच तिच्याबरोबर मिळतो. तेव्हा मराठीच्या अभ्यासकाला ही प्रणाली परकी नाही.

तिचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि व्युत्पत्तीने सिद्ध न होणारे, किंवा सिद्ध झाले तरी उच्चारात न उरलेले अनेक अनुस्वार छापील मराठीतून गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘घरीं’, ‘त्यानें’, ‘केलें’, ‘नाहीं’ अशी रूपे सर्वत्र आढळतात. भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला हे बिंदू म्हणजे पुरावा आहे. नपुंसकलिंगी रूपे, तृतीयेचे व सप्तमीचे प्रत्यय ह्यांच्या जुन्या अनुनासिक उच्चाराच्या त्या खुणा आहेत. आता आजच्या मजकुरावर प्रशिक्षित झालेली प्रणाली जुने पान वाचू लागली तर काय होण्याचा संभव आहे? तिला ‘केले’ ह्या रूपाची सवय असते. पिवळ्या पडलेल्या कागदावरील फिकट बिंदू तिला डाग वाटू शकतो. म्हणजे पुस्तक जतन होईल आणि पुरावा पुसला जाईल.

दुसरे उदाहरण अर्ध्या रकाराचे. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’, ‘दर्या’ व ‘दऱ्या’ ह्या जोड्यांत रफार आणि अर्धचंद्राकृती रकार ह्यांचा भेद अर्थभेदक आहे. हा भेद मराठीला आवश्यक आहे, हिंदीला त्याची गरज नाही. लिपी मात्र एकच. देवनागरीचे ज्ञान हिंदीच्या आधारे मिळविलेल्या कोणत्याही साधनाला तो शिकवावा लागतो.

हे शिकविणे शक्य आहे, कारण टेसेरॅक्ट मुक्तस्रोत आहे. तिच्या मुख्य वाचन-यंत्रणेबरोबरच प्रशिक्षण-साधनांचा एक गट तिच्या संहितेत आहे. त्यांतील एक साधन दिलेला मजकूर निरनिराळ्या फॉन्टांत रंगवून त्याच्या प्रतिमा करते. दुसरे वर्णसंच काढते. तिसरे प्रत्यक्ष शिकविते. देवनागरीसारख्या लिप्यांतील कोणती अक्षररचना ग्राह्य व कोणती अग्राह्य हे तपासणारे नियमही ह्याच गटाच्या संहितेत लिहिलेले आहेत. लिपीचे व्याकरणच ते. ह्या नियमांत मराठीच्या किंवा जुन्या मुद्रणाच्या दृष्टीने बदल करावयाचा असेल, तर मूळ संहितेपासून बांधणी करण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून बांधणी-सूचना मराठीच्या अभ्यासकाने वाचावयाची असते आणि ती त्याला कळणे अगत्याचे असते.

३

आता सूचनेकडे वळू. लिनक्सवरील बांधणीसाठी तिची रचना स्थूलमानाने अशी : प्रथम कंपायलर, मग ऑटोकॉन्फ, ऑटोमेक व लिबटूल ही बांधणीची साधने, मग प्रतिमांचे निरनिराळे प्रकार वाचणाऱ्या लायब्रऱ्या, त्यानंतर, ‘प्रशिक्षण-साधने हवी असल्यास’ अशा अटीखाली आयसीयू, पँगो व कैरो ह्या तीन लायब्रऱ्या, आणि शेवटी, स्वतंत्र शीर्षकाखाली, लेप्टोनिका. प्रत्येक नावापुढे ते यंत्रावर बसविण्याची आज्ञा असते. नावांची निवड, त्यांचा गट, त्यांचा क्रम ह्यांमागे विचार आहे हे उघड आहे. तो विचार शब्दांत मात्र आलेला नाही.

आपल्या परंपरेत शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार अनुबंध सांगण्याची रीत होती : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. समर्थांनीही दासबोधाच्या पहिल्याच समासात ग्रंथ कोणता, त्यात काय बोलले आहे व श्रवण केल्याने काय प्राप्त होते हे आधी सांगून घेतले. ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हती. पुढील प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने वाचावे हे त्यातून ठरत असे. ह्या कसोटीवर बांधणी-सूचना तपासली असता विषय तेवढा स्पष्ट आढळतो. प्रयोजन एका वाक्यात आटोपलेले असते. संबंध, म्हणजे ही वस्तू व ते कार्य ह्यांचे परस्परनाते, कोठेच नसतो. आणि अधिकारी कोण, हे तर सूचनेच्या लेखकाने स्वतःलाही विचारलेले दिसत नाही.

अधिकारी हा शब्द येथे दोन्ही अर्थांनी लागू पडतो. यादीतील प्रत्येक आज्ञेच्या आरंभी ‘सुडो’ हे पद येते. त्याचा अर्थ असा की ही आज्ञा यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या नात्याने पाळली जावी. घरच्या यंत्रावर हे सहज आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला हा अधिकार सहसा नसतो. ज्याला तो नाही त्याने काय करावे, प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाकडे नेमके काय मागावे, हे सूचना सांगत नाही. तिने गृहीत धरलेला वाचक म्हणजे यंत्राचा मालक, इंग्रजी जाणणारा आणि ह्यापूर्वी अनेक बांधण्या केलेला मनुष्य होय.

मीमांसकांनी विधिवाक्याच्या तीन आकांक्षा मानल्या : काय साधावे, कशाने साधावे आणि कसे साधावे. साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता ह्या तिन्हींची पूर्ती झाल्यावाचून विधी पुरा होत नाही. पूर्वसामग्रीची यादी ह्यांपैकी एकच आकांक्षा, ‘कशाने’ ही, भागविते. ‘पँगो बसवा’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे. विधी म्हणून ते अपूर्ण आहे. पँगो कशासाठी, हे माहीत नसलेल्या वाचकाला ते न बसविण्याचे परिणामही माहीत नसतात.

४

नावांचीच थोडी चिकित्सा करू, कारण यादीतील अर्थ जेवढा आहे तेवढा नावांतच साठलेला आहे. उबुंटूवर आयसीयूसाठी जे नाव द्यावे लागते ते ‘लिबआयसीयू-डेव्ह’. त्याचे तीन घटक पडतात. ‘लिब’ हा उपसर्ग वस्तूची जात सांगतो : ही लायब्ररी आहे. मधला घटक विशेषनाम आहे. ‘डेव्ह’ हा प्रत्यय सर्वांत महत्त्वाचा, आणि नवख्या वाचकाच्या डोळ्यांतून नेमका तोच निसटतो. लायब्ररीचे दोन भाग असतात. पहिला भाग तयार यंत्रभाषेतील. अन्य प्रणाली चालताना तो वापरतात. दुसरा भाग शीर्षसंचिकांचा, म्हणजे ह्या लायब्ररीत कोणकोणती कार्ये आहेत, ती कोणत्या नावाने हाक मारल्यास उत्तर देतात आणि त्यांना काय पुरवावे लागते ह्याच्या घोषणांचा. कंपायलरला हा दुसरा भाग लागतो. कोश घरात आहे पण त्यातील शब्दांची सूची हाती नाही, अशी पहिला भाग असून दुसरा नसलेल्या यंत्राची स्थिती असते. ‘डेव्ह’ हा प्रत्यय ह्या दुसऱ्या भागाचा वाचक आहे. यंत्रावर आयसीयू आहे असे विद्यार्थी खात्रीने सांगतो, बांधणीची तपासणी ती नाही असे सांगते, आणि दोघेही खरे बोलत असतात.

हा प्रत्यय सर्वत्र एक नाही. फेडोरा ह्या लिनक्स-वितरणात त्याच अर्थी ‘डेव्हल’ असा प्रत्यय लागतो. म्हणजे एकाच वस्तूला दोन बोलींत दोन नावे आहेत. त्यातच काही नावांत आकडा गोवलेला असतो. तो लायब्ररीच्या पिढीचा निदर्शक असतो आणि पिढी बदलली की नाव जुने होते. एका वितरणाच्या एका आवृत्तीसाठी लिहिलेली यादी दुसऱ्या आवृत्तीवर चालेनाशी होते, ह्याचे कारण बहुधा एवढेच असते. ज्या यादीत केवळ नावे आहेत ती नावे बदलताच निरर्थक होते. जिच्यात नावाबरोबर प्रयोजन आहे ती जुनी झाली तरी वाचकाला नवे नाव शोधता येते, कारण काय शोधावयाचे हे त्याला ठाऊक असते.

५

पूर्वसामग्रीतील उणीव कशी प्रकट होते, हाही भाषेचाच प्रश्न आहे. ग्नू प्रकल्पाची घोषणा १९८३ मध्ये झाली आणि त्या परंपरेतील ऑटोकॉन्फ हे साधन १९९१ पासून प्रचारात आले. तेव्हापासून असंख्य प्रणालींची बांधणी एकाच तीन पायऱ्यांच्या क्रमाने होते : यंत्राची तपासणी करून रचना ठरविणे, बांधणे, बसविणे. ह्या क्रमाचे वर्णन करणारी एक सर्वसाधारण सूचना-संचिका ऑटोकॉन्फबरोबरच मिळते आणि अनेक प्रणालींत ती जशीच्या तशी समाविष्ट केलेली आढळते. एका प्रणालीची पूर्वसामग्री दुसरीहून भिन्न असल्यामुळे ह्या संचिकेत तिला स्थान मिळणे शक्यच नव्हते. परिणामी क्रिया सविस्तर सांगावी आणि सामग्री त्रोटक ठेवावी, असा ह्या वाङ्मयप्रकाराचा संकेत रूढ झाला असावा.

टेसेरॅक्टच्या तपासणीत दोन प्रकारचे उद्गार आहेत. लेप्टोनिका सापडली नाही तर तपासणी तेथेच थांबते आणि कोणती वस्तू बसवावी हे सांगते. आयसीयू, पँगो किंवा कैरो सापडली नाही तर इशारा छापला जातो, प्रशिक्षण-साधने बांधली जाणार नाहीत असे सांगितले जाते, आणि तपासणी पुढे चालू राहते. शेकडो ओळींच्या प्रवाहात त्या दोन-तीन ओळी वाहून जातात. बांधणी यशस्वी होते. प्रणाली चालते, पाने वाचते. आपल्याकडे अर्धीच वस्तू आली आहे हे वाचकाला कळते ते फार उशिरा, जेव्हा तो प्रशिक्षणाची आज्ञा देतो आणि ‘रचना पुन्हा ठरवावी लागेल’ अशा आशयाचे मोघम उत्तर त्याला मिळते.

ह्याहूनही सूक्ष्म प्रकार लेप्टोनिकाच्या बाबतीत घडतो. प्रतिमा हाताळण्याचे काम ही लायब्ररी करते. ती स्वतः संहितेपासून बांधली आणि त्या वेळी पीएनजी किंवा टिफ प्रकारच्या प्रतिमांची लायब्ररी यंत्रावर नसली, तरीही ती बांधली जाते. फक्त त्या प्रकारच्या प्रतिमा वाचण्याची शक्ती तिच्यात उतरत नाही. टेसेरॅक्ट मग त्या प्रतिमा नाकारते. दोष दिसतो एका ठिकाणी, असतो दोन पायऱ्या मागे. आणि ती लायब्ररी नंतर बसवून भागत नाही. लेप्टोनिका पुन्हा बांधावी लागते.

ह्या तिन्ही प्रसंगांत व्याकरण निराळे आहे. पहिल्यात निषेध आहे, दुसऱ्यात सूचन आहे, तिसऱ्यात मौन आहे. यादीत मात्र तिन्ही वस्तू एकाच आज्ञार्थात, एकाच स्वरात सांगितलेल्या असतात. मराठीच्या दृष्टीने पाहता सर्वांत मोलाच्या तीन वस्तू त्याच होत, ज्यांच्याविषयी केवळ इशारा दिला जातो. आयसीयू अक्षरांचे युनिकोड-गुणधर्म जाणते. पँगो जोडाक्षरांची घडण करवून घेते. कैरो ती प्रतिमेवर उमटविते. रोमन लिपीपुरते पाहणाऱ्या लेखकाला ह्या वस्तू ऐच्छिक वाटल्या तर नवल नाही. अर्धचंद्राकृती रकार व लुप्त अनुस्वार ह्यांची ज्याला चिंता आहे त्याच्या लेखी त्या ऐच्छिक नाहीत.

६

पूर्वतयारीची भाषा कशी असावी ह्याचा आदर्श शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागाचे प्रसिद्ध केंद्र. मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू ह्या चार भाषा तेथील कारखान्यांत एकमेकींत मिसळतात. यंत्रमागावर कापड विणले जाते ही शेवटची क्रिया आहे. तिच्यापूर्वी ताण्याचे शेकडो धागे समांतर लावून घ्यावे लागतात. त्याला वॉर्पिंग म्हणतात. त्या धाग्यांना खळ द्यावी लागते; हातमागाच्या काळी ह्या कामाला पांजणी म्हणत, आता ते सायझिंगच्या स्वतंत्र कारखान्यात होते आणि तयार बीम मागावर येतो. मग प्रत्येक धागा वहीच्या डोळ्यातून व फणीच्या घरातून ओवावा लागतो. राज्यातील यंत्रमाग-केंद्रांत ह्या कामाला ‘वहीफणी’ असे सुटसुटीत नाव आहे. बाण्यासाठी कांड्या भरून ठेवाव्या लागतात. इतके झाल्यावर धोटा धावू लागतो.

ह्या परिभाषेत इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत. बीम, सायझिंग, जॉबर हे सारे तिकडचेच. तेव्हा परकीय शब्द हा अडथळा आहे, असे म्हणता येत नाही. ‘बीम’ हा शब्द भिवंडीत रुजला, कारण त्या शब्दाच्या मागे काय झाले व पुढे काय व्हावयाचे हे तो उच्चारणारा व ऐकणारा दोघेही जाणतात. शब्द संबंधासह आला. ‘पँगो’ हा शब्द संबंधावाचून येतो, म्हणून तो परका राहतो.

ह्या व्यवसायातील तीन गोष्टी बांधणी-सूचनेच्या चिकित्सेला विशेष उपकारक आहेत. पहिली खळीची. खळ धाग्याला मागावरील घर्षण सोसता यावे म्हणून दिली जाते आणि कापड प्रक्रियेला गेले की धुऊन काढली जाते. ताणा मात्र कापडातच राहतो. पूर्वसामग्रीतही असाच भेद आहे. ऑटोकॉन्फ, कंपायलर, शीर्षसंचिका ही खळ होय. बांधणी झाल्यावर त्यांची गरज उरत नाही. लायब्ररीचा चालणारा भाग हा ताणा होय. तो काढला तर प्रणाली उभी राहणार नाही. यादीत हा भेद सांगितलेला नसतो, म्हणून जागा मोकळी करावयाची झाल्यास काय काढावे व काय ठेवावे हे वाचकाला समजत नाही.

दुसरी गोष्ट चुकीच्या ओवणीची. फणीच्या एका घरात धागा चुकला तर माग अडत नाही. कापड विणले जाते आणि त्याच्या संपूर्ण लांबीवर एक रेघ उमटत जाते. चूक वहीफणीत असते, दिसते कापडात. जाणता जॉबर रेघ पाहून मागे जातो, कारण कोणत्या दोषाचे मूळ कोणत्या पायरीत हे त्याला शिकविलेले असते. लेप्टोनिकाच्या बाबतीत जे घडते त्याची ही प्रतिकृतीच. उणीव आहे ती मागे जाण्याचे शिक्षण देणाऱ्या वाक्याची.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मागावर जुन्या ताण्याची टोके वहीफणीत शिल्लक असली आणि नवा ताणाही त्याच जातीचा असला, तर पुन्हा ओवणी करीत नाहीत. जुन्या टोकांना नवी टोके गाठून पुढे ओढून घेतात. काम झटपट होते. बांधणी-सूचना लिहिणारा मनुष्य नेहमी अशाच मागावर बसलेला असतो. त्याच्या यंत्रावर वर्षानुवर्षांच्या कामाने शेकडो लायब्रऱ्या साठलेल्या असतात. त्याने नव्याने गाठलेली टोके तेवढी त्याला आठवतात आणि तीच तो यादीत लिहितो. वाचकाचा माग रिकामा असतो. ‘आधीच बसविले नसल्यास’ हे पालुपद ह्या अंतराची पुसट कबुली आहे. पण रिकाम्या मागावर ओवणी कोठून सुरू करावी हे त्याने सांगितले जात नाही.

७

ह्यावर पूर्वपक्ष असा येईल की इतका खटाटोप हवाच कशाला? उबुंटू किंवा डेबियन ह्यांवर टेसेरॅक्ट तयार मिळते, मराठीचा संच तयार मिळतो, इतकेच काय प्रशिक्षण-साधनेही त्या तयार संचात असतात. पूर्वसामग्रीची चिंता वितरणाचे व्यवस्थापक करतात. हे सर्व खरे आहे, आणि ज्याला केवळ पान वाचून घ्यावयाचे आहे त्याने तोच मार्ग धरावा. परंतु तयार संच म्हणजे दुसऱ्याने घेतलेले निर्णय होत. अक्षररचनेच्या ग्राह्याग्राह्यतेचा नियम ज्याला बदलावयाचा आहे त्याला तयार कापडाचा उपयोग नाही; त्याला मागाजवळ जावे लागते. संहिता खुली असण्याचा अर्थ एवढाच की मागाजवळ जाण्याची मनाई नाही. जाता येईल की नाही हे सूचनेच्या गद्यावर अवलंबून राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही कामे पुष्कळदा स्वयंसेवकांनी केलेली असतात. प्रत्येक वस्तूचे प्रयोजन व परिणाम लिहीत बसावे एवढा अवकाश त्यांना कोठून मिळावा, आणि वितरणे बदलत असताना तपशील अद्ययावत कोणी ठेवावा? हा आक्षेप नावांना लागू पडतो, प्रयोजनांना लागू पडत नाही. नावे वारंवार बदलतात. पँगो कशासाठी हे वर्षानुवर्षे तेच आहे. अर्थात जे टिकाऊ आहे ते लिहिले जात नाही आणि जे नाशवंत आहे तेच तेवढे लिहिले जाते, अशी सध्याची विपरीत स्थिती आहे. शिवाय टीका येथे कोणा व्यक्तीच्या आळसावर नाही. विनामूल्य श्रमाने एवढी प्रणाली उभी करणाऱ्यांविषयी आदरच वाटावयास हवा. टीका आहे ती एका वाङ्मयप्रकाराच्या रूढ संकेतावर.

८

आता मराठीचा प्रश्न. अशा सूचना मराठीत आणण्याचे जे प्रयत्न होतात त्यांत बहुधा इंग्रजी क्रियापदाला एक ठराविक प्रतिशब्द देऊन काम भागविले जाते : ‘स्थापित करा’. ह्या रूपात आज्ञा आहे, क्रम नाही. वस्तुतः मराठीच्या संयुक्त क्रियापदांत ह्या कामासाठीच घडविल्यासारखी साधने आहेत. ‘डाळ भिजवावी’ आणि ‘डाळ भिजवून ठेवावी’ ह्यांतील दुसरे वाक्य पुढील कृतीची अपेक्षा जागी करते. ‘ठेवणे’ हे सहायक क्रियापद आधीच्या क्रियेचे फळ पुढील उपयोगासाठी राखले जात असल्याचे सांगते. ‘तपासावे’ व ‘तपासून घ्यावे’ ह्यांतही असाच भेद आहे. ‘घेणे’ ह्या क्रियापदाने कर्त्याची सोय व खात्री सूचित होते. पाककृतींच्या पुस्तकांनी ‘साहित्य’ व ‘कृती’ असे दोन भाग पाडून आणि विध्यर्थाचा वापर करून ह्या शक्तीचा उत्तम उपयोग फार पूर्वीपासून केलेला आहे. कमलाबाई ओगले ह्यांचे ‘रुचिरा’ हे १९७० मधील पुस्तक घरोघर पोहोचले त्याला वाटी-चमच्याची मापे कारण झाली असे म्हणतात. लेखिकेने आपला वाचक कोणत्या ओट्याशी उभा आहे हे ओळखले होते, असाही त्याचा अर्थ होतो.

तेव्हा पूर्वसामग्रीची प्रत्येक नोंद चार गोष्टींनी पूर्ण व्हावी : नाव, प्रयोजन, ओळखण्याची खूण आणि अभावाचा परिणाम. नमुन्यादाखल एक नोंद अशी लिहिता येईल :

‘आयसीयूची विकास-प्रत आधी बसवून ठेवावी. अक्षरांचे युनिकोड-गुणधर्म प्रशिक्षण-साधने हिच्यावरून जाणतात; देवनागरीसाठी ती अवश्य समजावी. बांधणीपूर्व तपासणीत हिचे नाव इशाऱ्यांत आले नाही ना, हे पाहून घ्यावे. ती नसल्यास बांधणी थांबत नाही, परंतु प्रशिक्षण-साधने तयार होत नाहीत. नंतर बसविल्यास तपासणीपासून पुन्हा आरंभ करावा. नावाचा अंत्य प्रत्यय वितरणपरत्वे बदलतो.’

ह्या नोंदीत एकही अवघड तांत्रिक विधान नाही. इंग्रजी नावे तशीच आहेत. मूळ यादीतील एका ओळीच्या जागी सहा वाक्ये झाली आहेत, एवढा विस्तार खरा. पण त्या विस्ताराने विद्यार्थ्याच्या शोधाशोधीत जाणारा वेळ वाचतो. आणि आपल्या हाती आलेली प्रणाली पुरी आहे की अर्धी, हे त्याला आरंभीच कळते.

मराठीच्या जुन्या छापील ग्रंथांचे संगणकीय रूप आज अनेक ठिकाणी सिद्ध होत आहे. ते कोणत्या नियमांनी सिद्ध व्हावे, कोणता बिंदू अक्षराचा व कोणता डागाचा, हे ठरविण्याचा अधिकार मराठीच्या अभ्यासकांनी स्वतःकडे ठेवावयाचा असेल, तर प्रशिक्षण-साधनांपर्यंत त्यांचा हात पोहोचला पाहिजे. त्या मार्गावर परवान्याची आडकाठी नाही, पैशाची फारशी नाही. आडकाठी आहे ती एका त्रोटक यादीची. ती यादी संबंधांसह व समजेल अशा मराठीत लिहून काढणे हे काम भाषाविभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या शक्तीबाहेरचे नाही. आणि ते करावयास त्यांच्याइतका योग्य अधिकारीही दुसरा नाही.